चित्रांच्या घरी

रंगारी शेडकार्ड घेऊन आला त्या दिवशी मी त्याला परत पाठवलं. भिंतींची लांबी भरून झाली होती, पॉलिशपेपर मारून झाला होता, प्राइमरचा एक हात बसला होता. ‘ताई, आज रंग सांगितलात तर आठवड्यात घर मोकळं करून देतो,’ असं तो म्हणाला आणि त्याचं बरोबरच होतं. मी म्हटलं, आधी चित्रं येऊ देत, मग भिंतींचं बघू. त्यानं ब्रश धुतले, डबे जिन्याखाली रचून ठेवले आणि गेला. त्यानंतर आम्ही त्या पांढुरक्या, खडूचा वास येणाऱ्या भिंतींमध्ये जवळजवळ वर्षभर राहिलो.

चित्रं आली ती कुडाळहून, पत्र्याच्या दोन ट्रंकांमधून. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. मास्तरांच्या पगारात बसेल ते, आणि कधीकधी न बसणारंही, ते तीस-पस्तीस वर्षं घेत राहिले. पण आमच्या कौलारू घरात भिंतीवर एकही चित्र नव्हतं. चार महिने कोसळणारा पाऊस, ओल धरणाऱ्या चिऱ्याच्या भिंती. तिथे कागद टांगला तर आषाढ सरायच्या आत त्यावर बुरशीचे राखाडी ठिपके उमटतात. म्हणून चित्रं ट्रंकेत, मलमलीत गुंडाळलेली, मधे वेखंडाचे तुकडे घातलेली. पाऊस थांबला, दसऱ्याच्या आगेमागे ऊन पडू लागलं, की बाबा ओटीवर चटई अंथरायचे आणि एकेक चित्र बाहेर काढायचे. उन्हात ठेवायचे नाहीत, उन्हाच्या शेजारी ठेवायचे. माझ्या लेखी रंग म्हणजे अजूनही तेच आहे: वेखंडाचा वास, अंगणातल्या उन्हाची ओटीवर पडलेली उजळ झाक, आणि तिच्यात हळूहळू जागा होणारा लाल.

पुण्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत मी त्या ट्रंका उघडल्या तेव्हा बाबा नव्हते. मी सगळं जमिनीवर मांडलं. सावंतवाडीच्या गंजिफांचा, म्हणजे रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, एक पुरा संच. पिंगुळीच्या चित्रकथीची 22 चित्रं. आजीच्या देवघरातले, रविवर्मा छापखान्याचे तीन ओलिओग्राफ. गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्यानं काढलेलं कापडावरचं एक वारली. बाबांच्या कोल्हापुरातल्या दिवसांतल्या मित्रांनी केलेली जलरंगातली चार निसर्गचित्रं: रंकाळ्याचं पाणी, पंचगंगेचा घाट, दोन वेळा ज्योतिबाचा डोंगर. त्या पसाऱ्यात मी कडेकडेनं पाय टाकत फिरत होते आणि मनात भिंती भरत होते, हे इथे, ते तिथे. तिसऱ्या का चौथ्या फेरीला पाय थांबले. कोल्हापूरची चार सोडली तर यातलं एकही चित्र भिंतीवर टांगण्यासाठी जन्मलेलं नव्हतं.

चित्रकथी हातात धरून दाखवायची असते. गंजिफा खेळायची असते. वारलीचा चौक सवाशिणी लग्नघरात भिंतीवरच लिहितात. लग्न लागतं, घर पुन्हा सारवलं जातं आणि तो सारवणाखाली जातो. ओलिओग्राफसमोर हात जोडायचे, निरांजन ओवाळायचं. या प्रत्येकाला स्वतःची अशी एक बघण्याची रीत होती, आणि मी त्या सगळ्यांना एकाच खिळ्याला टांगायला निघाले होते. घर सजवायचं हा विचार त्या संध्याकाळी माझ्या मनातून गेला. यांना राहता येईल असं घर करायचं, एवढंच उरलं.

पहिलं काम उजेडाचं होतं. मी खडू घेऊन उन्हाच्या कवडशांभोवती रेघा मारायला सुरुवात केली. संक्रांत, होळी, आखाजी, गटारी, अशा खुणा भिंतीवर आणि फरशीवर तारखेसकट. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीसुद्धा पुण्याचा सूर्य 48 अंशांच्या फारसा वर चढत नाही, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन सहा फूट आत येऊन बसतं. उत्तरेची खोली चित्रांना सुरक्षित, असं मला प्रत्येकानं सांगितलं होतं. पण मे महिन्याच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस गेला की जुलै अखेरपर्यंत सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळी उत्तरेच्या खिडकीतून एक तिरपी पिवळी पट्टी आत शिरते. नेमकी तिथेच मी रंकाळा लावणार होते. वर्षभर थांबले नसते तर कळलं नसतं.

कागदावरच्या रंगांना उजेड लागतो आणि उजेडच खातो. संग्रहालयं अशा कामांवर 50 लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. संध्याकाळी दिवाणखान्यात एकच दिवा लावल्यावर असतो साधारण तेवढा. झालेली झीज भरून येत नाही, नुसती साठत जाते. चार दिवस कडक ऊन दिलं आणि मग वर्षभर अंधारात ठेवलं तरी ते चार दिवस चित्राच्या खाती राहतातच. हे वाचल्यावर मला बाबांची ती ओटी आठवली. त्यांच्याकडे लक्स मोजायचं यंत्र नव्हतं. ते तळहात चित्रावर धरायचे आणि त्याची सावली किती काळी पडते ते बघायचे. सावलीची कड धारदार दिसली की चटई मागे ओढायचे. मीही आता तसंच करते. कोल्हापूरची जलरंगचित्रं मधल्या पॅसेजमध्ये गेली, जिथे कुठलंच ऊन पोचत नाही. तिथे मी वर दोन लहान दिवे बसवून घेतले, त्यांचा रंग निवडताना मात्र खूप हट्ट केला. स्वस्तातल्या एलईडीखाली सगळं काही दिसतं, फक्त लाल मरतो. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, तो 90च्या वर असेल तर पंचगंगेच्या घाटावरची लाल लुगडी लाल राहतात.

भिंतींच्या रंगाचा प्रश्न त्यामानानं उशिरा सुटला. सगळे सांगत होते, चित्रं इतकी रंगीत आहेत तर भिंती पांढऱ्याशुभ्र ठेव. प्राइमर तर पांढराच होता, म्हणून मी चित्रकथीतली एक सीता तिथे टेकवून पाहिली. बाबांनी ती घेतली त्यालाही आता चाळीस वर्षं झाली असतील. कागद तांबूस झालेला. हातात घेतला की तो तांबूसपणा उबदार वाटतो, तूप लोण्यातून निघताना येतो तसा. पांढऱ्या भिंतीवर तो मळका दिसला. सीतेनं मळकं नेसलं होतं, असं वाटलं.

असं का होतं हे शेव्हरल नावाच्या एका फ्रेंच रसायनतज्ज्ञानं शोधून काढलं होतं. पॅरिसच्या गोबेलँ या राजेशाही मागकारखान्यात रंगाईचा विभाग त्याच्याकडे होता. तक्रार आली की इथलं काळं सूत फिकं पडतं. त्यानं सूत तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारी निळं, जांभळं सूत विणलं जायचं, त्या शेजारानं काळ्याचा कस काढून घेतला होता. त्यातून त्यानं 1839 मध्ये रंगांच्या शेजारधर्माचा एक मोठा ग्रंथ लिहिला. मला वाटतं, आपल्याकडच्या पैठणी विणणाऱ्याला, वाणाला काठ निवडून देणाऱ्या दुकानदाराला, जांभळ्या लुगड्यावर कुठली चोळी जाते हे न बघता सांगणाऱ्या माझ्या आजीला हे ठाऊकच होतं. तिच्याकडे शब्दही होते. डाळिंबी, अंजिरी, अबोली, गुलबक्षी, मोरपंखी, चिंतामणी, कुसुंबी. आपली भाषा रंगाला नुसतं नाव देऊन थांबत नाही, त्याला त्याचा स्वतःचा जोर देते: पिवळा धमक, हिरवा कंच, काळा कुट्ट, लाल भडक, निळा शार. हे जोर अदलाबदल करता येत नाहीत. शेडकार्डावर 1800 चौकोन होते आणि प्रत्येकाखाली एक आकडा. मला हवा तो त्यात सापडेना, कारण मला रंग ठाऊक होता, आकडा ठाऊक नव्हता.

शेवटी मी रंगाऱ्याला बोलावलं आणि वाटीत ज्वारीचं पीठ दिलं. असा. त्यानं पीठ चिमटीत धरून खिडकीपाशी नेलं, बोटांवर चोळलं. मग पांढऱ्याच्या बादलीत पिवळ्या स्टेनरचे थेंब, तपकिरीचे त्याहून कमी, आणि शेवटी काळ्याचा एकच, काडीच्या टोकावरून. तीनदा भिंतीवर हात मारून वाळू दिलं, तीनदा पुन्हा कालवलं. चौथ्या वेळी सीता तिथे धरली आणि तिचा कागद पुन्हा उबदार झाला. ‘आता बसला,’ तो म्हणाला. बाकीच्या घराला मी एवढी मेहनत घेतली नाही. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली त्याच बादलीतून निघाली.

आता चित्रकथीचं. पिंगुळीला बाबा मला लहानपणी घेऊन जायचे. ठाकर समाजाची घरं, घरात पोथ्या. पोथी म्हणजे एका कथेच्या चित्रांचा सुटा गठ्ठा, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. देवळात रात्री वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीनं कथा चालायची आणि सांगणारा एकेक चित्र उभं धरून पुढे करायचा. तिथलेच परशुराम गंगावणे, ज्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय केलं. मी ते पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. गोठ्याचं छप्पर ठेंगणं, उजेड दारातून येतो तेवढा, त्यात बाहुल्या आणि चित्रं. आणि तरी कुठल्याही मोठ्या दालनापेक्षा ती तिथे जास्त आपल्या घरी होती. परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले होते, ‘चित्रां नुसती बघूची नसतत गो, आयकूची असतत.’

बावीस चित्रं एका भिंतीवर लावली असती तर ती एकाच वेळी बोलली असती आणि कथा ऐकूच आली नसती. उपाय मिळाला तो लंडनच्या एका घराबद्दल वाचताना. सर जॉन सोन हा वास्तुकार 1837 मध्ये वारला, पण त्याचं घर तसंच्या तसं ठेवलेलं आहे. त्यातल्या चित्रांच्या लहानशा खोलीत शंभराहून अधिक चित्रं मावतात, कारण तिथल्या भिंती कपाटाच्या दारासारख्या उघडतात. एक फळी उघडली की मागे चित्रं, तिच्या पाठीवर चित्रं. आणि त्या फळ्यांवर काय आहे, तर होगार्थची आठ चित्रांची मालिका: बापाचा पैसा उधळणाऱ्या एका तरुणाची गोष्ट, पहिल्या चित्रापासून आठव्यापर्यंत. तीही एक चित्रकथीच. मी सुताराला कागदावर काढून दाखवलं. त्यानं सागवानी चौकटीच्या, बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या फळ्या करून दिल्या, पोथीच्या पानांसारख्या एकामागे एक. मिटल्या की भिंतीवर फक्त एक चित्र दिसतं. बाकीची अंधारात विश्रांती घेतात, त्यांच्या प्रकृतीला ते बरंच असतं. दर पंधरवड्याला आम्ही पान उलटतो.

या फळ्या किती उंचीवर लावायच्या, यावर सुताराचं आणि माझं एकमत व्हायला वेळ लागला. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर असावा, हा संग्रहालयांचा सर्रास पाळला जाणारा नियम त्याला ठाऊक होता. तो उभ्या माणसाच्या डोळ्यांचा नियम आहे. आमच्या दिवाणखान्यात सोफा नाही. बाबांची चटई आहे, गाद्या आहेत, लोड आहेत. कथा ऐकायला माणूस बसतो. बसलेल्या माणसाचे डोळे अडीच-पावणेतीन फुटांवर असतात, म्हणून फळ्या तिथे आल्या. येणारा पाहुणा दारात उभा असताना त्याला चित्र नीट दिसत नाही. तो येतो, मांडी घालतो आणि समोर बघतो. खोलीची सगळी रचना त्या एका उंचीतून निघाली: ठेंगणं टेबल, ठेंगणे दिवे, भिंतीचा वरचा अर्धा भाग पूर्ण रिकामा. त्या रिकाम्या भागावर माझा फार जीव आहे. तिथे काही लावा असं सुचवणारे अजून येतात.

ओलिओग्राफची गोष्ट मला सांगावीशी वाटत नाही, पण ती या घराचा भाग आहे. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगाला एकेक शिळा, त्या सगळ्या शिळांचे ठसे एकावर एक नेमके बसायचे तेव्हा कुठे सरस्वतीच्या गालावर उजेड यायचा. भिंग लावून पाहिलं तर तो गाल म्हणजे ठिपक्यांचा थवा आहे. आजीच्या लक्ष्मीला तर कुणीतरी, बहुधा आजीच्याच सासूनं, खरी जर लावलेली होती. पदराला टिकल्या, काठाला कलाबतू, सगळं सुईनं कागदातून टाचलेलं. मी ती फ्रेम करायला दिली आणि परत आली तेव्हा कागद ताठ राहावा म्हणून प्लायवूडवर सरसानं चिकटवलेला होता. पावसाळ्यात लाकूड फुगलं, कागदाला फुगता येईना, आणि लक्ष्मीच्या उजव्या हातावरून एक चीर थेट कमळापर्यंत गेली. त्या दिवशी मी आजी गेली तेव्हा रडले होते तशी रडले. जाणकाराच्या हातून ती आता जपून सोडवून घेतली आहे, चीर दिसते. उरलेल्या दोन चित्रांच्या पाठीला आम्लरहित पुठ्ठा आहे, काच आणि कागद यांच्यात बोटभर मोकळी हवा आहे, आणि कागद फक्त वरच्या कडेला दोन जागी धरलेला आहे, खाली मोकळा. त्याला श्वास घेता यायला हवा.

त्या तिघींना देवघराच्या भिंतीत कोनाडे करून दिले. कोनाड्यांच्या आतल्या बाजूला गर्द निळा, नीळ घातलेल्या चुन्याचा. कोकणात आतली खोली अशी निळी असायची. पिठाच्या भिंतीतून एकदम त्या निळ्यात नजर उतरते आणि जर चमकते. निरांजन मात्र आता कोनाड्यापासून हातभर लांब ओवाळते. काजळीचा एक थर आजीच्या काळचा आहे, तो मी पुसू दिला नाही.

वारलीसाठी मी फारसं काही केलं नाही. दारातून आत येताना समोर जी आखूड भिंत लागते ती गेरूनं रंगवली आणि कापड गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. जिव्या सोमा म्हशे यांनी हे पांढरे त्रिकोण कागदावर आणि जगभर नेले, ते मोठं काम झालं. पण माझ्याकडच्या कापडावर पालघाट देवीचा चौक आहे, तो लग्नाचा. आमच्या घरात लग्न निघेल तेव्हा त्या भिंतीवर लिहायला डहाणूकडच्या बायकांना बोलवायचं, असं ठरलं आहे. तोवर भिंत नुसती गेरूची. पाहुणे विचारतात, इथे काय येणार आहे?

राहिली गंजिफा. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ही कला मरताना धरली, चितारी कारागिरांना पुन्हा कामाला बसवलं; बाबांचा संच तिथलाच. गोल पत्ते, रुपयाहून बरेच मोठे, पाठीवर लाख. दशावतारीत दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण 120. प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची, म्हणजे डबा उघडला की दहा रंग एकदम अंगावर येतात. काचेखाली मांडून ठेवायचे, असं मी आधी ठरवलं होतं. टेबलही तसं करून घेतलं होतं, वर काच उचलता येईल असं. गेल्या मार्गशीर्षात बहिणीची मुलगी राहायला आली, दहा वर्षांची, तिनं काचेला नाक लावून विचारलं, ‘मावशी, हे खेळत का नाही कुणी?’

मला नियम पुरते येत नव्हते. बाबांच्या वहीत सापडले. तिघांनी खेळायचं, प्रत्येकी चाळीस पत्ते. अर्ध्या अवतारांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी, अर्ध्यांत एक्का. आणि सुरुवात कुणी करायची, तर दिवस असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्यानं, रात्र असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्यानं.

काच काढून भिंतीला टेकवून ठेवली आहे. तिघंही चटईवर बसतो, मी, नवरा आणि ती. तिच्या मुठीत चाळीस पत्ते मावत नाहीत, म्हणून ती त्यांचा फ्रॉकच्या ओच्यात ढीग करते. त्या दिवशी पत्ते वाटून झाले तेव्हा सहा वाजून गेले होते, खिडकीत डिसेंबरची संध्याकाळ. दिवा लावायला मी उठले तर ती म्हणाली थांब, आणि माझ्या हाताला धरून खाली बसवलं. ‘आता दिवस आहे की रात्र?’

आमच्या संचात रामाची जमीन लाल आहे, कृष्णाची निळी. कलत्या उजेडात डोळ्याला लाल आधी सोडून जातो, निळा मागे रेंगाळतो. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञानं हे दोनशे वर्षांपूर्वी टिपून ठेवलं आहे. तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं ओच्यातून दोन पत्ते काढले, एक या हातात, एक त्या हातात, आणि खिडकीसमोर धरून बघत बसली. लाल जवळजवळ काळा झाला होता. निळा अजून होता.

‘थोडा वेळ थांबू,’ ती म्हणाली. ‘अजून पुरतं कळत नाही.’

आम्ही थांबलो.